मुख्यालय सोडू नये

“रजेवर असलं म्हणून काय झालं, रजेवर वेळेवर यायला नको?”

मुनघाटेबाबूंनी हजेरीच्या खिडकीतून डोकं बाहेर काढून विचारलं आणि व्हरांड्यातली सगळी रांग हसली. उशिरा आलेला गुणाजी शेवाळेही हसला. त्याच्या कडेवर त्याची मुलगी कुंदा होती. लोक हसले की तीही हसायची, पण जरा मागाहून, सगळ्यांचे चेहरे बघून झाल्यावर.

“पोरीला न्हाऊ घालत होतो, बाबू.”

“घाला, घाला. रजेत माणसानं तेच करायचं असतं. पण आधी सही, मग आंघोळ.”

गुणाजीनं कुंदाला माझ्याकडे दिलं आणि खिडकीत वाकून सही केली. मग रांग फुटली. ड्रायव्हर, वायरमन, अवजड सामान ओढणारे खलाशी, नकाशे काढणारे, सगळे आपापल्या खोल्यांकडे गेले. हातात हत्यार कुणाच्याच नव्हतं. दिवसभरात करायचं काम तेवढंच होतं, ते झालं होतं.

ही भानगड जरा नीट सांगायला हवी. मी आयुष्यभर लहान मुलांना शिकवलं, त्यामुळे एखादी गोष्ट समोरच्याला कळल्याशिवाय पुढे जायची मला सवय नाही.

आमचं धरण अर्धं बांधून झालं होतं. माळावर पत्र्याच्या छपरांची वसाहत होती, तिथं कामगारांची बिऱ्हाडं होती, आणि त्यांच्या मुलांसाठी प्रकल्पाच्याच खात्यातून चालणारी चौथीपर्यंतची शाळा होती. तिथली शिक्षिका मी. मोहोळकरबाई म्हणायचे मला, पण मुलांचं ऐकून मोठेही नुसतं बाईच म्हणायला लागले होते. त्या वर्षी जानेवारीच्या अखेरीस वरून आदेश आला की निधी संपला आहे, पुढचं अनुदान मंजूर होईपर्यंत काम बंद. पाण्याचा पंप, चौकीदार आणि शाळा एवढं वगळलं होतं. आम्ही वगळलेल्यांनी काम करायचं, पगार अनुदान आल्यावर. बाकीच्यांनी काम करायचं नाही, पगार त्यांनाही तेव्हाच, पण हे रिकामे दिवस त्यांच्या साठलेल्या रजेतून वजा व्हायचे. आधी हक्काची रजा, ती संपली की अर्धपगारी, तीही संपली की बिनपगारी. आणि आदेशाच्या शेवटी एक ओळ होती: काम कोणत्याही क्षणी सुरू होण्याची शक्यता असल्याने कर्मचाऱ्यांनी मुख्यालय सोडू नये. कुणी सोडलेलं नाही हे दिसावं म्हणून रोज सकाळी सही. रजेवर हजर असल्याची सही.

लोकांनी पहिले काही दिवस त्याची मजाच केली. पत्ते झाले, क्रिकेट झालं, कुणी दारापुढे दोडक्याचा वेल चढवला. गुणाजीनं मात्र पहिल्याच दिवशी शाळेच्या दारात येऊन मला विचारलं होतं, “बाई, माझी रजा जाती का हो ह्यात?”

“जाते असं लिहिलंय.”

“सगळी?”

मी आदेशाचा कागद त्याच्यापुढे धरला. तो तिथंच पायरीवर बसला.

गुणाजी वर्कशॉपमधला फिटर. बायको बाळंतपणात गेली, तेव्हापासून तो आणि कुंदा दोघंच. कामावर जाताना तो तिला माझ्या वर्गात सोडायचा. तीन वर्षांची असताना ती पहिल्यांदा आली, आणि मला काही आठवड्यांतच कळलं की ही मागून हाक मारली तर वळत नाही. पाय आपटला तर वळते. जमीन हलली तर तिला कळतं. जिल्ह्याच्या डॉक्टरांनी तपासून तेच सांगितलं, जन्मापासून बहिरी आहे म्हणून.

मी पुण्याच्या बहिऱ्या मुलांच्या एका शाळेला पत्र लिहिलं. त्यांनी बोलावलं तेव्हा गुणाजी, कुंदा आणि मी असे तिघं एका दिवसाच्या किरकोळ रजेवर जाऊन आलो. तिथल्या मोठ्या बाईंनी कुंदाला मांडीवर घेतलं, तिचा तळवा स्वतःच्या गळ्यावर ठेवला आणि त्या “आऽ” म्हणाल्या. कुंदानं हात झटकन काढून घेतला, मग परत ठेवला. मग स्वतःच्या गळ्यावर ठेवला. मग बापाच्या. गुणाजीला कळेना काय करायचं. “बोला काहीतरी,” मोठ्या बाई म्हणाल्या. तो म्हणाला, “काय बोलू?” आणि कुंदाचे डोळे एवढे मोठे झाले.

“ही बोलेल,” मोठ्या बाई म्हणाल्या. “पण आमच्याकडे मूल ठेवून जायचं नसतं. शिकायचं असतं ते तुम्ही. चार महिने इथं राहायचं, तिच्याबरोबर रोज वर्गात बसायचं. घरी जे माणूस तिच्यासोबत असणार, ते शिकलं तरच उपयोग. आणि पाच वर्षांच्या आत. पुढे फार अवघड जातं, म्हणून आम्ही घेतच नाही.”

“माझं शिक्षण सातवी झालंय,” गुणाजी म्हणाला.

“पुरे झालं. संयम किती आहे?”

“इंजनं खोलतो मी, बाई,” तो म्हणाला. मोठ्या बाई मनापासून हसल्या.

त्या दिवसापासून त्यानं रजा साठवायला सुरुवात केली. चार महिने सलग मिळायचे तर हक्काचीच रजा हवी, आणि तिथं राहायचं-खायचं तर ती भरपगारीच हवी. तो भावाच्या लग्नाला सकाळी गेला आणि संध्याकाळी परत आला. तापात कामावर आला. “शेवाळेची रजा बँकेत हाय,” असं लोक चिडवायचे. मुनघाटेबाबू तर त्याला शेठ म्हणायचे. कुंदाला नोव्हेंबरात पाचवं पूर्ण होणार होतं. जूनमध्ये पुण्याचा वर्ग सुरू होणार होता, आणि जूनपर्यंत गुणाजीची रजा बरोबर पुरेशी होणार होती. तोवर हा आदेश आला.

आम्ही दोघं अष्टपुत्रेसाहेबांकडे गेलो. ते आमचे कार्यकारी अभियंता. माणूस वाईट नव्हता. त्यांनाही पगार नव्हता. त्यांच्या बंगल्यातला टेलिफोनही बिल न भरल्यामुळे बंद होता.

“साहेब, माझी रजा थांबवा,” गुणाजी म्हणाला. “मला बिनपगारी धरा आत्तापासून. हक्काची तेवढी ठेवा.”

साहेबांनी चष्मा काढला. “शेवाळे, अर्ज करून घेतलेली रजा असती तर रद्द केली असती. ही तुम्ही मागितलेलीच नाही. जी मागितली नाही ती रद्द कशी करायची? तशी तरतूद नाही.”

“मग मी आत्ता रजेवरच हाय ना?”

“आहात.”

“मग आत्ताच जातो पुण्याला. तिथं वर्ग न्हाई तर न्हाई, त्या बाई घरी शिकवतील थोडं.”

“मुख्यालय सोडता येणार नाही.”

“म्हंजे रजेवर हाय, पण जायचं न्हाई.”

“हो.”

“मग ही रजा कसली, साहेब?”

साहेबांनी चष्मा पुसायला घेतला. मी म्हटलं, “साहेब, माझी रजा यांच्या नावावर करता नाही येणार?”

“बाई, तुम्ही शिक्षक. तुम्हाला मोठी सुट्टी असते, म्हणून हक्काची रजा नसते. द्यायला तुमच्याकडे काही नाहीच. आणि असती तरी दुसऱ्याला देता येत नाही.” मग ते जरा खालच्या आवाजात म्हणाले, “मी वर लिहितो. पण वरचं ऑफिसही बंदच आहे.”

बाहेर आल्यावर गुणाजी म्हणाला, “मानूस चांगला हाय.” ते ऐकून मला त्या माणसाचा जास्तच राग आला. भांडायलाही कुणी नव्हतं.

चैत्र सरला. वसाहतीतली मजा संपली. पारसमलनं दुकानात उधारी बंद केल्याची पाटी लावली आणि पाटी लावताना रडला, कारण त्याचंही सगळं आमच्यातच अडकलं होतं. रहमानभाई, साहेबांच्या जीपचा ड्रायव्हर, रोज जीप पुसायचा. पेट्रोल नव्हतं, पण पुसायचा. वर्गात मुलं डुलक्या घ्यायला लागली तेव्हा मी गणितातले लाडू-पेढे काढून टाकले आणि दगड-गोट्यांची उदाहरणं घालायला लागले.

गुणाजी रोज सही करायचा आणि कुंदाला घेऊन वर्गाच्या मागच्या बाकावर येऊन बसायचा. घरी बसून काय करणार? मोठ्या बाईंनी दाखवलं होतं तसं तो तिचा हात आपल्या गळ्यावर ठेवायचा आणि माझ्यामागून मुलांबरोबर पाढे म्हणायचा. दुसरं काय म्हणायचं ते त्याला सुचत नसे. तीन महिने रोज ते पाढे तिच्या तळव्यातून गेले असतील. कधी कधी ती त्याच्या तोंडाकडे बघत ओठ हलवायची. आवाज यायचा तो शब्दाचा नसायचा, पण गुणाजी माझ्याकडे असा बघायचा की मी फळ्याकडे तोंड फिरवायची.

मेच्या अखेरीस त्याची हक्काची रजा संपली. मुनघाटेबाबूंनी स्वतः येऊन सांगितलं. एरवी थट्टा केल्याशिवाय न बोलणारे बाबू उंबऱ्यातच उभे राहिले. “शेठ, आजपासून तुम्ही अर्धपगारी,” एवढंच म्हणाले.

“संपली?”

“संपली. मी तरी काय करू? मला बोलून घ्या वाटलं तर.”

“तुमाला कशाला बोलू? पाणी घ्या.”

त्याच रात्री माझ्या डोक्यात आलं आणि सकाळी मी सही व्हायच्या आत अष्टपुत्रेसाहेबांच्या बंगल्यावर गेले. काम बंदच आहे. बंदच राहणार, असं सगळे म्हणतात. मग शेवाळे इथं बसून अर्धपगारी रजेवर आहे, तोच पुण्यात बसून असला तर काय बिघडणार? फक्त मुख्यालय सोडायची परवानगी हवी. बाकी पैशाचं आम्ही बघू.

साहेबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, “काम सुरू झालं तर ही परवानगी त्या क्षणी रद्द होईल. त्या दिवशी हजेरीला जो नसेल तो अतिरिक्तांच्या यादीत जाईल. निम्मी माणसं कमी करायची असं आधीच ठरलंय, बाई. तुम्हाला सांगायला नको होतं, पण सांगतो. नोकरी जाईल त्याची.”

“आणि सुरू नाही झालं तर?”

“तर चार महिने कुणी विचारणार नाही.” त्यांनी कागद ओढला आणि स्वतःच्या हातानं परवानगी लिहिली.

हे वसाहतीत लपून कसं राहणार? दुसऱ्या दिवशी पाण्याच्या नळावर गिरजाबाईनं मला गाठलं. तिचा नवरा खलाशी, पदरात चार मुलं, धाकटं अंगावर पिणारं.

“बाई, खरं का? गुन्याला परवानगी मिळाली म्हनं. जाऊ द्या, पोरगी मुकी हाय, मला का कळत न्हाई? पर आता त्यो रोज देवाला काय मागत असंल ते सांगा.”

“काय मागणार?”

“काम बंद ऱ्हाऊ दे, हेच की! पाऊसकाळ संपस्तोवर बंद ऱ्हाऊ दे! त्याच्या पोरीला वाचा फुटावी म्हून माज्या पोरांनी उपाशी मरायचं व्हय?”

“गिरजाबाई, त्याच्या मागण्यानं अनुदान अडत नाही.”

“न्हाई अडत. पर त्यो मागतो, त्येचं काय?” तिनं घागर उचलली आणि दोन पावलं जाऊन परत वळली. “पोरीचा एक झबला हाय माज्याकडं, माज्या संगीचा. नवा हाय. तेवढा घेऊन जा म्हनावं.”

मी ते गुणाजीला सांगितलं नाही, पण त्याच्या कानावर गेलंच होतं. तो म्हणाला, “खोटं न्हाई बोलली ती. सगळे देवळात नारळ ठेवतात, अनुदान येऊ दे म्हनून. मीबी जातो. हात जोडतो. पर ओठावर येतच न्हाई माज्या. रहमाननं काल बायकोच्या बांगड्या विकल्या, बाई. आन् मी मनात म्हनतो, अजून चार म्हैने.”

“गुणाजी—”

“तुमी कायबी बोलू नका. मला माहीत हाय ते पाप हाय. पर म्हनतो मी.”

जाण्याचा दिवस शनिवार ठरला. सोमवारी वर्ग सुरू होणार होता. वसाहतीच्या फाटकातून सकाळी एसटी निघायची. बापलेकीला सोडायला मीही गेले, आणि पाहते तो निम्मी वसाहत आलेली. गिरजाबाई झबलं घेऊन आली होती. पारसमलनं पुडीत गूळ-शेंगदाणे बांधून आणले होते. मुनघाटेबाबू म्हणाले, “शेठ, आज सहीला उशीर केलात तरी माफ आहे,” आणि सगळे खरोखरीचे हसले.

कुंदाला काय काय माहीत होतं ते मला पूर्ण ठाऊक नाही. पण गाडीनं खूप लांब जायचं, तिथं खूप मुलं आहेत, आणि बाबा तिथं बरोबरच राहणार आहे, एवढं आम्ही तिला हातांनी दाखवून दाखवून सांगितलं होतं. गेले आठ दिवस ती दिसेल त्याला तेच सांगत होती. मुठीत चक्र धरून गाडी चालवायची, मग हात लांब फेकायचा, मग स्वतःच्या उंचीची पुष्कळ मुलं हवेत उभी करायची, आणि शेवटी बापाला मिठी मारून तिथंच बसायची. आताही ती खिडकीशी बसून खाली उभ्या असलेल्या प्रत्येकाला तेच करून दाखवत होती. लोक हात हलवत होते. गुणाजी तिच्याशेजारी पिशवी पायात घेऊन ताठ बसला होता, परीक्षेला बसल्यासारखा. मोठ्या बाईंना लिहिलेलं पत्र त्याच्याकडे द्यायला म्हणून मी गाडीत चढले होते.

कंडक्टरनं घंटेची दोरी हातात घेतली आणि भोंगा वाजला.

धरणावरचा भोंगा. काम बंद झाल्यापासून तो वाजला नव्हता. लांबच लांब वाजत राहिला, माळावरून घुमत खाली येत राहिला. गाडीतल्या प्रत्येक माणसाची मान तिकडे वळली. खाली एकदम कल्लोळ झाला. गिरजाबाईनं तोंडावर पदर घेतला. कुणीतरी कुणाला उचलून घेतलं. धुळीचा लोट उडवत जीप आली. रहमानभाई दारातून अर्धा बाहेर लोंबकळत ओरडत होता, “आलं रे आलं! अनुदान आलं! चार म्हैन्याचा पगार आला! हजेरी हाय, हजेरी, चला लवकर, वरचे साहेब आलेत संगती!”

कुंदा तेवढी अजून खिडकीतून मुलं उभी करून दाखवत होती. मग तिनं सगळ्यांचे चेहरे बघितले आणि ती टाळ्या पिटायला लागली.

रहमानभाईनं गाडीत गुणाजीला पाहिलं. त्याचा आवाज खाली आला. तो खिडकीपाशी येऊन म्हणाला, “गुन्या, तू जा रे. कसं पन सांभाळू. मी सांगतो तू आजारी हाय म्हनून.”

“वरचे साहेब यादी घेऊन आलेत?”

रहमानभाईनं मागे जीपकडे पाहिलं.

“यादी घेऊन आलेत का?”

“आलेत.”

गुणाजी उठला. मी म्हटलं, “मी नेते तिला. मी राहते चार महिने. शाळेचं बघता येईल.”

“तुमाला कोन रजा देनार?” तो म्हणाला. त्याचा स्वर शांत होता. “आन् त्या मोठ्या बाई काय बोलल्या होत्या? जे घरी असनार त्यानं शिकायचं. तुमी काय जन्मभर आमच्या घरी ऱ्हाणार हाय?”

त्यानं कुंदाचा हात धरला आणि खाली चल म्हणून खुणावलं. ती हसली. गंमत करतोय असं तिला वाटलं. त्यानं पुन्हा ओढलं, तेव्हा तिनं खिडकीचा गज धरला. तो तिच्यापुढे खाली बसला आणि हातांनी सांगायला लागला. गाडी नाही, असा हात हलवला. मग धरणाकडे बोट केलं. मग सही केल्यासारखं काहीतरी हवेत केलं. मग थांबला. हक्काची रजा, अनुदान, यादी, उद्या, पुढच्या वर्षी, यांतलं काहीही हातांनी कसं करायचं ते त्याला येत नव्हतं. ते शिकायलाच तर तो निघाला होता. कुंदानं त्याचे दोन्ही हात धरून खाली दाबले, आणि स्वतः चक्र धरून गाडी चालवून दाखवली. आपण निघालोय, एवढं त्याला कळत कसं नाही?

“बाई,” गुणाजी माझ्याकडे वळून म्हणाला, “तुमी शिकवता ना मुलांना? हिला सांगा. एवढं सांगा फक्त.”

मी तिच्यासमोर बसले. मी माझ्या आयुष्यात मुलांना काय काय सांगितलं आहे. आजोबा मेले म्हणजे काय झालं, ते सांगितलं आहे. पृथ्वी फिरते आणि तरी आपण पडत नाही, ते सांगितलं आहे. मी दोन्ही हात वर केले आणि तसेच राहिले.

दुसऱ्यांदा भोंगा वाजला. गुणाजी म्हणाला, “घेऊन या तिला,” आणि उतरून धावत गेला. जीपमागे सगळी वसाहत धावत होती, त्यात तो दिसेनासा झाला.

पुढचं इथंच सांगून टाकते. त्या दिवशी हजेरीला तो होता म्हणून त्याची नोकरी राहिली. पगार सगळ्यांना मिळाला, त्यालाही, रजेचा म्हणून. बंद काळात मागे पडलेलं काम भरून काढायचं म्हणून वर्षभर कुणालाही कसलीच रजा नव्हती. पुण्याच्या मोठ्या बाईंनी फार चांगलं पत्र लिहिलं आणि नोव्हेंबर उलटला. कुंदा माझ्याकडे वाचायला-लिहायला शिकली. अक्षर सुरेख आहे. बोलायला ती शिकली नाही.

त्या सकाळी मात्र गाडीत आम्ही दोघीच उरलो होतो, दुसऱ्या गावची चार माणसं आणि कंडक्टर सोडून. कुंदा बापाची वाट बघत खिडकीला नाक लावून बसली होती. मी तिला उचलायला गेले तर तिनं गज सोडला नाही. तिची बोटं एकेक करून सोडवायला माझे हात होईनात.

“बाई, उतरा तरी, नाहीतर तिकीट तरी काढा,” कंडक्टर म्हणाला. त्यानं सगळं पाहिलं होतं, त्यामुळे हळू म्हणाला.

“पुढचा थांबा कुठला?”

“आडगाव फाटा.”

“एक पूर्ण, एक अर्धं.”

गाडी सुटली. कुंदानं मागे वळून फाटकाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि बापाची खूण केली. तो मागून येतो, असं मी हातानं सांगितलं. तेवढं सांगता आलं. मग ती खुशीत आली. झाडं मागे पळत होती ती तिनं मला दाखवली. खड्डा आला की ती माझा हात धरून आपल्या पोटावर ठेवायची, बघ कसं हललं म्हणून.

आडगाव फाट्यावर आम्ही उतरलो. तिथं एक चहाची टपरी होती, तीही बंद. मागे बाभळी आणि मोकळं माळरान. गाडी निघून गेली. परतीची दुपारी यायची, म्हणजे आम्हाला चालतच जायचं होतं.

कुंदानं चहूकडे पाहिलं. टपरी पाहिली, बाभळी पाहिल्या. मग खाली बसून तिनं जमिनीवर तळवा टेकवला आणि भुवया उंचावून मला विचारलं, हेच का ते?

मी हो म्हणून मान हलवली.

ती उभी राहिली. गिरजाबाईनं दिलेलं नवं झबलं तिनं खाली ओढून नीट केलं. दोन्ही हातांनी केस मागे सारले, नाक पुसलं. आणि मग, मी तिला आत घेऊन जावं म्हणून, तिनं माझ्यापुढे हात केला.